पिवळी ताटं

शाळेच्या खाणावळीत अकरा वर्षं स्वयंपाक करतेय, पण त्या दिवशी कपाट उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. पिवळी ताटं गायब! एकशे बारा ताटांतलं एकही जागेवर नाही.

पिवळं ताट म्हणजे फुकट जेवणाऱ्या पोराचं. पैसे भरणाऱ्यांना पांढरं. मोजायला सोपं जावं म्हणून मोठ्या बाईंनी काढलेली टूम. माझी भाची त्याच शाळेत नववीला. बहिणीचं काम सुटलं, पोरीचं पांढरं ताट पिवळं झालं आणि तेव्हापासून ती दुपारची जेवायलाच येईना. "भूक नाही गं मावशी." दोन महिने हेच. गाल पार आत गेले तिचे. माझ्या हातचं चारशे पोरं खातात आणि घरचीच पोर उपाशी! जीव तीळ तीळ तुटायचा माझा.

ताटं सापडली सभागृहात. चित्रकलेच्या वर्गानं रविवारभर खपून ती भिंतीवर चिकटवली होती, तीही फरशी बसवायच्या गोंदानं. प्रत्येक ताटात ऑइलपेंटनं रंगवलेला एकेका पोराचा चेहरा. आणि शिडीवर कोण? आमचीच बया.

"अगं कार्टे, तासाभरात घंटा होईल. आता वाढू कशात, माझ्या डोक्यात?"

तिचा चेहरा खर्रकन उतरला. "ते लक्षातच आलं नाही गं. ती पुन्हा कुणाच्या हातात येऊ नयेत, एवढंच सगळ्यांच्या मनात होतं."

मी मागच्या दारानं गल्लीत गेले आणि ओरडले, "ताटं द्या हो, असतील तशी!" शिंप्यानं दिली, इस्त्रीवालीनं दिली, पोरं घरोघर धावली. न्हाव्यानं लग्नातली चिनी मातीची कोरी ताटं काढली. "एक जरी फुटलं ना, तर बायको मलाच फोडेल," म्हणत तो दारातच राखणीला उभा राहिला. त्याच्यामागे निम्मी गल्ली.

मी आमची पांढरी ताटं त्यांत मुद्दाम मिसळून टाकली. रांग लागली आणि मोठ्या बाई आल्या.

"यातली फुकटवाली कोणती?"

"मला काय ठाऊक? तोंडावर थोडंच लिहिलंय!"

"मग मोजायचं कसं?"

"यादी तुमच्याकडे, हजेरी वर्गात. पोरांच्या ताटावरून कशाला मोजता?"

बाई लालबुंद झाल्या. दारातल्या माणसांकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं. उद्यापासून असंच वाढा. आणि ती भिंत राहू दे, तो गोंद काही निघायचा नाही."

हुश्श!  डाव खाली ठेवून मी क्षणभर टेबलाला टेकले.

तेवढ्यात रांगेत भाची दिसली. तिनं ताट पुढं केलं. मी भात वाढला, वाटाणा वाढला. मैत्रिणींच्या घोळक्यात बसून तिनं ते सगळं फस्त केलं आणि परत आली.

"मावशी, अजून आहे?"

"मेले, पोट फुटेल," मी म्हटलं आणि डोळे पुसत पुसत डाव गच्च भरला.