पाण्याखालच्या गावांचा खण

“सळई काढा म्हटलं ना, प्रेमिलाबाई!”

“नाही काढत. काय करता?”

“तुमच्या कार्डावर भरोसा ठेवून सर्वेवाले जीप घेऊन गेले. गाव कुठं, तं तिथं हे एवढं पाणी! सारं ऑफिस हसून राहिलं आपल्यावर.”

“हसू द्या. दात तं त्यायचेच दिसते.”

हेडक्लार्क कृष्णकांत आणि त्याच्या हाताखालची प्रेमिला सकाळपासून असे भांडताहेत, ते माझ्या पोटातल्या एका खणावरून. तेव्हा मधे मीही बोलून घेते. मी नकाशांच्या सूचीची पेटी. माझ्याजवळ नकाशा एकही नाही, हे आधीच सांगते. मागाहून कोणी हिणवायला नको. माझ्याजवळ आहेत ती कार्डं. गावाचं नाव काढा. त्याच्या शेतांचा नकाशा कोणत्या कचेरीत, जंगलाचा कुठे, कालव्याचा कुठे, ते मी सांगते.

बासष्ट साली सक्करदऱ्याच्या एका सुताराने मला सागवानात घडवलं. पितळी मुठी बर्डीच्या बाजारातून आणल्या. प्रत्येक खणात तळाशी एक सळई, तिच्यात कार्डं ओवलेली, म्हणजे कोणी उपटून नेऊ नये; सळई काढली की खण रिकामा. शाळा मी पाहिली नाही. पण इतकी वर्षं अक्षरं पोटात वागवली तर लाकूडसुद्धा वाचायला लागतं. विदर्भातलं कोणतंही गाव विचारा, चुकले तर वाळवी लागो मला.

लोक येतात, बोटाला थुंकी लावून कार्डं उलटतात, हवं ते टिपतात आणि नकाशाकडे पळतात. तिथे मग तासन् तास बसतात, चहा मागवतात. वाट सांगणारीच्या नशिबी पाठच. दिवाळीच्या सुट्टीत मुठींवर धूळ बसते. कचेरी उघडली की प्रेमिला ती पदराने पुसते. माझ्या वाट्याला मायेचा हात आला तो तेवढाच.

ती यायच्या आधी मला सुधारायचं म्हणजे जुनं कार्ड उपटायचं, नवं घालायचं. पण माझी कार्डं एकमेकांकडे बोट दाखवतात. कालव्याच्या कार्डावर ‘गाव पाहा’, गावाच्या कार्डावर ‘जंगल पाहा’. एक काढलं की बाकीची आंधळी होतात. शोधणारा फिरून फिरून थकायचा आणि शिव्या मला! प्रेमिलाने ते उपटणं बंद केलं. गाव उठून दुसरीकडे वसलं तर जुन्या कार्डावर निळ्या शाईत नवी जागा लिहायची. धरणात गेलेल्या गावांना तिने एक अख्खा खण दिला, प्रत्येकावर निळ्या शाईत ‘पाण्याखाली’. सर्वेवाल्यांनी वरची ओळ वाचली, निळी वाचलीच नाही. यात माझं काय चुकलं?

गेल्या आठवड्यात त्या खणातल्या एका गावचे म्हातारे नानाजी आले होते. कार्डावरून पत्ता घेऊन समोरच्या कचेरीत गेले, आणि नकाशा पाहून परत इथे आले. असा परत आलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

“दिसली वं बाई, आमची विहीर दिसली! सोमवारी बुढीले आणतो.”

आज शनिवार. सोमवारी तिला वाट दाखवायला ते कार्ड राहील का? प्रेमिला महिनाअखेरीस निवृत्त होतेय. तिच्यामागे या खणाची बाजू घेणारं कोणी नाही. तिला ठाऊक आहे, मलाही. म्हणून जे कोणी ऐकत असाल त्यांना सांगते: मला नवी करा, खुशाल करा. पण पोकळ करू नका.

कृष्णकांत वाईट माणूस नाही. नव्या कालव्यांची कार्डं त्याच्या टेबलावर ढिगाने पडून आहेत, दुसरी पेटी मंजूर होत नाही. त्याने स्वतःच सळईला हात घातला. ती अर्धी बाहेर आली. बरगडी निसटावी तसं झालं मला.

“जे नाही थे नाही, बाई. यादी खरी पाहिजे. गाव गेलं, कार्ड गेलं. त्यात रडाचं काय?”

प्रेमिला रडत नव्हती. तिने त्याचा हात धरला नाही, आवाजही चढवला नाही. एवढंच विचारलं, आणि सळईवरची त्याची बोटं आपोआप सुटली:

“तुमची माय गेली तवा रेशनकार्डावरून तिचं नाव कापून आणलं तुमी, कृष्णकांतभाऊ, मंग भिंतीवरचा फोटो काहून ठेवला?”