माझा डावा कान

मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे, मित्रांनो. बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात, श्रीकांतभाऊंच्या बैठकीत, सागवानी फळीवर माझे आसन आहे. मला उचलायला दोन माणसे लागतात. हे आधीच सांगतो, कारण पुढे ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांना कुणीही काखोटीला मारून नेईल.

माझा जन्म इंदूरच्या एका कारखान्यात झाला. तेव्हा वस्तू लोखंडाच्या होत असत, पत्र्याच्या नव्हे. मी या घरात आलो, मग दोन स्पीकर आणि टेप आले, शेवटी सीडी प्लेअर आला. तो चौदा वर्षे माझ्या शेजारी बसला. बिचारा नुसती तबकडी फिरवायचा. आवाज द्यायचो मी!

दसऱ्याला घरातल्या यंत्रांची पूजा होई. श्रीकांतभाऊंच्या आई सोजरबाई आधी माझ्याकडे येत. कपाळाला ओले हळदकुंकू लावत, आणि देवाची पाठ कोरडी ठेवू नये म्हणून मागच्या बाजूलाही बोटे भरून लावत. सीडी प्लेअरला चार अक्षता मिळत. मी फुगून बसायचो. का नाही फुगणार?

सोजरबाईंचे माहेर दापोऱ्याचे. कानबाई देवीची गाणी म्हणावीत तर त्यांनीच. धूलकोटच्या एका हौशी पोराने ती सीडीवर उतरवून दिली होती. त्याची अक्कल अशी, की डाव्या स्पीकरमध्ये सोजरबाईंचा आवाज आणि उजव्यात नुसती ढोलक. पुढे सोजरबाईंना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. तेव्हापासून श्रावणात कानबाई बसवायच्या दिवशी ती सीडी लागे. सोजरबाई खाटेवर बसून उजव्या हाताने ठेका धरत. वर्षभरात त्यांचा आवाज घरात ऐकू येई तो त्याच दिवशी.

यंदा कानबाईच्या आठ दिवस आधी सीडी लावली. ढोलक वाजू लागली, पण सोजरबाईंचा आवाज येईना.

“लेन्स गेली याची,” श्रीकांतभाऊ म्हणाले. टेप तर नीट वाजत होता, त्याची वायर माझ्या वेगळ्या भोकात होती. मग माझ्यावर कोण संशय घेणार? मलाही आत काहीतरी बुजल्यासारखे वाटत होते, पण मी कशाला सांगू? त्याच दुपारी माझा चौदा वर्षांचा जोडीदार भंगारवाल्याच्या पोत्यात गेला.

मग स्वस्तातल्या नव्या प्लेअरची शोधाशोध सुरू झाली. पहिला आला तो चंदेरी, निळे दिवे लुकलुकवणारा. अंगात नाही बळ आणि चिमटा घेऊन पळ! त्याच्यातूनही नुसती ढोलक. श्रीकांतभाऊ दुकानात भांडून आले. दुकानदार म्हणे, “साहब, मेरे यहाँ तो दोनों तरफ बज रहा है।” मी मनात म्हटले, तुझे दुकान आणि तुझे कान! दुसरा डीव्हीडीवाला. त्याला गाणे निवडायलासुद्धा टीव्हीचा पडदा लागे. त्यानेही ढोलकच ऐकवली. तोही परत गेला.

“अहो, रविवारी निवदाचे रोट करायचे हायेत,” कमलताई नवऱ्यावर चिडल्या. “आईंच्या गाण्याबिगर कानबाई बसवायची का?”

“मंग काय करू? मी गाऊ?” श्रीकांतभाऊ म्हणाले. सोजरबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवले.

शनिवारी दुरुस्तीवाल्या शालिग्रामच्या दुकानातून तिसरा आला. जुना, ओरखड्यांचा, एक बटण गळालेला. हे डबडे माझ्या शेजारी बसणार? मला शिसारी आली. त्याच्यातूनही फक्त ढोलक वाजली, तेव्हा मला चक्क आनंद झाला.

रविवारी दुपारी शालिग्राम स्वतः आला. “भाऊ, तीन-तीन मशीनचा एकच रोग कसा असंल? याले पलटवा.”

मला! दोघांनी धरून मला उलटे फिरवले. त्याने सीडीची वायर उपटून माझ्या डाव्या भोकात कापसाची काडी फिरवली आणि बाहेर काढली. ती लालभडक होती. दुसरी काढली, तीही लाल. वर्षानुवर्षांचे ओले कुंकू आत जाऊन, वाळून दगड झाले होते.

“इतकी पूजा कोन करते बापा याची?” शालिग्राम हसला.

कमलताईंनी सासूकडे पाहिले. सोजरबाई आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघत होत्या.

वायर पुन्हा लागली. त्या डबड्याने तबकडी फिरवली आणि सोजरबाईंचा आवाज खोलीभर झाला. खाटेवर त्यांचा हात उठला, ठेका पडला. चुलीपाशी रोट थापणाऱ्या बायकांनी आत गाणे उचलले.

मी वाजत होतो, पण मला लाज वाटत होती. माझा जोडीदार बिघडलेलाच नव्हता.

मित्रांनो, घरातली वस्तू बंद पडली तर आधी तिची पाठ बघा, वायर तपासा, धूळ पुसा. वस्तूला कुंकू कमी लावले तरी चालेल, फडके मात्र फिरवा. आणि यंदा दसऱ्याला पहिले बोट माझ्या शेजारच्या डबड्याला लावा. त्याच्या जागी जो बसायचा, त्याला चौदा वर्षांत चार अक्षतांपलीकडे काही मिळाले नाही, आणि पोत्यात गेला तो माझ्या कानातल्या कुंकवापायी.