ओल्या घडीचा तंबू

ज्या वर्षी ओकग्योंगचं लग्न झालं, त्याच वर्षी तिच्या वडिलांनी मला विकत आणलं. मित्रांनो, मी एक जुना तंबू आहे. पुसानच्या कारखान्यात शिवला गेलो तेव्हा मी भडक नारिंगी होतो. आता माझ्या अंगावर बुरशीचे काळे ठिपके आहेत. ते कसे आले, तेच सांगतो.

माझे मालक प्योन चांगसू. पोहांगच्या बंदरात ते बोटींची इंजिनं दुरुस्त करत. त्यांचं गाव उत्तरेत, बंद सीमेपलीकडे. सतरा वर्षांचे असताना लढाईच्या धामधुमीत ते बोटीत चढले आणि आई धक्क्यावरच राहिली. पुढे तिची चिठ्ठी नाही की निरोप नाही.

दर शरदात ते मला गाडीत टाकून समुद्राकाठच्या रस्त्याने उत्तरेला निघत. उल्जिनला ऊन, सामचोकला धुकं, काँगनुंगला पावसाच्या सरी. कोसोंगला रस्ता संपे. पुढे सैन्याचं फाटक. तिथे वाळूत ते मला उत्तरेकडे तोंड करून उभारत. नवव्या चांद्रमहिन्याची अष्टमी हा त्यांच्या आईचा वाढदिवस. ते भात आणि समुद्रशेवाळाचं सूप मांडत. शेजारी चमचा आडवा ठेवत, जिवंत माणसासाठी ठेवतात तसा.

दुसऱ्या दिवशी नवमी. ज्यांच्या मृत्यूची तिथी ठाऊक नाही, त्यांना त्या दिवशी जेवू घालतात. सकाळपासून वाळूवर कुटुंबं जमत आणि उत्तरेकडे वाकत. ते बघायला नको, म्हणून चांगसू अष्टमीलाच मला गुंडाळत. पाऊस असो वा नुसती समुद्राची ओल. मग मी वर्षभर अडगळीत ओलाच पडून राही. मित्रांनो, मला बुरशी पावसाने नाही लागली, घाईने लागली.

तेरा वर्षं असंच चाललं. चौदाव्या वर्षी चांगसूंचे गुडघे धरले, म्हणून ओकग्योंग गाडी चालवायला आली. कोसोंगला उत्तरेकडून वारा सुटला होता. माकूळ सुकवून विकणारी म्हातारी ओरडली, "अहो पोहांगवाले, यंदाही तोंड वाऱ्याकडे? वाऱ्याला जेवायला बोलावलंय का?"

"बोलावलंय खरं. पण वाऱ्याला नाही," चांगसू म्हणाले.

दुपारी वारा माझ्या तोंडातून आत घुसला. कुजलेली शिवण टराटरा उसवली आणि सूप वाळूत सांडलं. पाऊस सुरू झाला. चांगसू माझ्या दोऱ्या सोडायला लागले.

"बाबा, ओलाच गुंडाळणार?"

"दरवर्षी गुंडाळतो."

"म्हणूनच कुजलाय. उद्या ऊन पडेल. वाळवू, मग जाऊ."

"उद्या नवमी आहे."

"ठाऊक आहे." ओकग्योंगने दोरी धरून ठेवली. "आजीला एक्याण्णव झाली, बाबा. ती गेली असेल आणि तिकडे कुणी तिला वाढलं नसेल, तर? उपाशीच ठेवणार तिला?"

"तू पाहिलंस तिला मेलेलं? मग कशाच्या जोरावर बोलतेस?"

दोरी तिने सोडली नाही.

सकाळी खरंच ऊन पडलं. मला दोरीवर टाकलं होतं. चांगसूंनी ताजा भात शिजवला, उत्तरेकडे मांडला, चमचा आडवा ठेवला. बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग तो उचलला आणि भातात उभा रोवला. मेलेल्यांसाठीच चमचा असा रोवतात. म्हातारीने एक सुकं माकूळ आणून ताटाशी ठेवलं. चांगसू दोनदा वाकले. दुसऱ्यांदा वाकल्यावर त्यांना उठता येईना. ओकग्योंगने त्यांना उठवलं नाही. शेजारी बसून राहिली.

त्या दिवशी माझी पहिल्यांदा कोरडी घडी झाली. उसवलेली शिवण ओकग्योंगने घरी घातली. ठिपके मात्र गेले नाहीत.

मित्रांनो, तुमच्याकडे तंबू असेल तर त्याच्यासाठी एक दिवस जास्त थांबा. तो पुरता वाळू द्या, मगच घडी घाला.

प्योन चांगसू २००५ सालच्या फेब्रुवारीत पोहांगच्या घरी वारले. त्यांची आई कधी वारली, ते कुणालाच कळलं नाही. तिला नवमीला जेवू घालतात.