शेपटीवरचा जेलकोट

जेलकोटचा डबा तिसऱ्यांदा दगड झाला, तेव्हा शालिग्रामनं तो उचलून भिंतीवर आपटला. डब्याला काही झालं नाही, भिंतीचा पोपडा तेवढा पडला.

"आता भिंतीलाही जेलकोट मारायचा का, शेठ?" चिंधानं विचारलं.

"तू तोंड बंद ठेव."

चिंधाची काही चूक नव्हती. जेलकोट म्हणजे फायबरवर चढवायचा जाड लेप; त्यात हार्डनर मिसळला की सुरतजवळच्या उधन्याच्या उन्हाळ्यात तो चहा पिण्याइतकाही वेळ देत नाही. तेवढ्यात बंदुकीनं फवारून मोकळं व्हावं लागतं, नाहीतर डब्यातच गोळा होतो. आणि हार्डनर पडला रे पडला की गाळ्याच्या शटरखाली कोणीतरी येऊन उभं राहायचं. डोक्याला टोपी, मान खाली. बायका असल्या तर तोंडाला पदर. दारावर आलेली माणसं.

खानदेशात कोणाचं माणूस गेलं की नातलग दारावर जातात, आणि ज्याच्या दारावर येतात त्यानं हातातलं टाकून त्यांच्यासमोर बसायचं असतं. 'थांबा, एवढा हात मारून घेतो' असं त्यांना म्हणता येत नाही. शालिग्रामची बायको नूतन पौषात गेली होती. आता लग्नसराई होती. गावाकडून सुरतला लग्नाला आलेली माणसं त्याच फेरीत दारावरही येऊन जात. हळदीचे डाग पडलेल्या शर्टानं येत, गप्प बसत, डोळे पुसत आणि 'येतो' न म्हणता उठून जात. तोवर डबा गेलेला असे.

"घरी गेलो होतो," प्रत्येक जण सांगायचा. "कुलूप होतं. म्हणून इकडे आलो."

कुलूप असणारच. शालिग्राम सकाळी उजाडताच गाळ्यावर यायचा आणि पाठ टेकायलाच घरी जायचा. नूतन होती तेव्हा दारातच अडवायची. आधी आंघोळ, तो फायबरचा वास मोरीत सोडून ये, मग ताट. आता तो अंगाला वास घेऊन सरळ पलंगावर पडत होता आणि कोणी हटकत नव्हतं.

गाळ्यात एरवी पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या, कारखान्यांची छपरं बनत. यंदा मात्र मधोमध लाकडी घोड्यांवर ग्लायडर पडलं होतं. बिनइंजिनाचं, जुनं, फायबरचं. त्याचे पंख इतके लांब की एकाचं टोक शटरबाहेर आलेलं, त्यावर ताडपत्री. मालक धनसुखभाई. त्यांचा कडोदऱ्याला साड्या छापण्याचा कारखाना होता, तो मुलांच्या हाती देऊन ते म्हातारपणी उडायला लागले होते. ग्लायडरवरचा जुना जेलकोट उन्हानं तडकला होता. तो सगळा घासून काढून झाला होता. आता नवीन काय लावायचं एवढाच प्रश्न होता, आणि त्या प्रश्नानं सगळ्यांचं डोकं पिकवलं होतं.

खरं तर धनसुखभाईंना पहिल्यापासून पीयू पेंट हवा होता. ग्लायडर उडण्यालायक आहे अशा कागदावर सही करणारा त्यांचा इंजिनिअर म्हणाला होता, पंखांना दोन्ही चालेल, पण शेपटीकडे वजन वाढवू नका. पीयू पातळ बसतो, हलका राहतो, लवकर उरकतो. शालिग्रामनंच मोडता घातला होता.

"पीयू म्हणजे पापड," त्यानं सांगितलं होतं. "जेलकोट जाड. दहा वर्षांनी पॉलिश मारलं की पुन्हा नवा. शिवाय कंपनीतून निघालं तेव्हा जेलकोटच होता ना?"

यातलं काही खोटं नव्हतं. पण जेलकोट फवारला की संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसतो आणि मग पाणी मारत मारत, जाड कागदापासून बारीक कागदापर्यंत हातानं घासावा लागतो. एवढ्या मोठ्या पंखांना अख्खा पावसाळा गेला असता. शालिग्रामला तेच हवं होतं. का हवं होतं, ते त्याला कोणी विचारलं नव्हतं आणि त्यानंही स्वतःला विचारलं नव्हतं.

धनसुखभाई त्या सकाळीही येऊन गेले होते.

"शालिग्रामभाई, इंजिनिअर रोज फोन करतो. हवे शुं? आता एक काय ते ठरवा."

"ठरलंय. जेलकोट."

"पण शेपटीचं वजन..."

"शेपटीला पातळ मारतो म्हणालो ना! किती वेळा सांगू?"

"अरे, ओरडता कशाला? उडणार मी आहे, तुम्ही नाही."

"मग घेऊन जा दुसरीकडे!"

धनसुखभाईंनी पंखावरची ताडपत्री नीट केली आणि ते निघून गेले. त्यामुळे शालिग्रामचा राग आणखी वाढला. भांडले असते तर बरं झालं असतं.

डबा आपटून झाल्यावर त्यानं हात पुसले आणि नवीन डबा फोडला. तेवढ्यात शटरखाली सावली पडली.

"आलं कोणीतरी," चिंधा म्हणाला. "हार्डनर टाकू नका."

दारात वाल्मिक होता, नूतनचा धाकटा भाऊ. चलथाणच्या साखर कारखान्यात कामाला. अंत्यविधीला आला होता, मग गळीत हंगामात अडकला, तो आत्ता आला. पांढरा धुतलेला शर्ट घालून तो पंख्याखालच्या रिकाम्या ड्रमवर बसला. शालिग्राम समोर बसला. चिंधानं पाणी आणून दिलं.

वाल्मिक इकडे तिकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पाव्हणा, हाई काय शे?"

शालिग्राम स्वतः अहिराणी फारशी बोलत नसे. नूतन बोलायची. तिच्यामागे ती बोली त्याच्या घरात बंदच झाली होती.

"विमान आहे. ग्लायडर."

"इंजिन कोठे शे?"

"नाही त्याला इंजिन. वाऱ्यावर तरंगतं."

"मंग हलकं पाहिजे."

"हलकं पाहिजेच. त्यातून शेपटी तर पाहिजेच पाहिजे. तो बघ रडर टांगलाय, त्याच्यानं दिशा वळते. बिजागरीच्या मागं वजन वाढलं की वेगात तो फडफडायला लागतो. एकदा फडफडला की शेपटी मोडूनच थांबतो."

"नि तुम्ही त्याले काय लाई राह्यनात?"

"जेलकोट. सकाळीच पहिला हात मारलाय."

"तो हलका शे?"

"नाही. जड आहे."

वाल्मिकनं रडरकडे पाहिलं, मग शालिग्रामकडे. "मंग कसाले लावतस?"

'कसाले' म्हणताना नूतन अशीच शेवटी सूर वर न्यायची. शालिग्रामनं तोंड उघडलं. जाड बसतो, पॉलिश होतो, कंपनीचा तोच होता. सगळं जिभेवर होतं. पण या माणसाला ते सांगून उपयोग नव्हता. त्याला ग्लायडर विकत घ्यायचं नव्हतं.

"घासायला खूप दिवस लागतात," तो म्हणाला.

"ते तं वाईट ना?"

"हो."

चिंधानं उगाच झाडू हातात घेतला आणि पलीकडच्या टाकीमागं गेला.

शालिग्राम उठला, फोन काढला आणि उभ्या उभ्या धनसुखभाईंना लावला.

"पीयूच मारू. सगळीकडे. शेपटीचा जेलकोट काढून टाकतो."

पलीकडे धनसुखभाईंचा पारा चढला. "तमे मारुं मगज खाधुं! इतके दिवस मी काय बोलत होतो? इंजिनिअर काय बोलत होता? मग तुम्ही नकार का देत होता?"

"काम लांबवायचं होतं."

"कशाला?"

"घरी जावं लागू नये म्हणून."

धनसुखभाईंनी लांब श्वास सोडला. "इंजिनिअरला काय सांगू?"

"तेच सांगा. नाहीतर म्हातारा कारागीर येडा झालाय म्हणून सांगा."

"पांढरा रंग मी घेऊन येतो."

"अजिबात आणू नका! चुकीचा आणाल. मी आणतो."

त्यानं फोन ठेवला आणि रडर खाली काढून घोड्यावर आडवा ठेवला. जेलकोट अजून कच्चा होता, आज खरवडला तर निघाला असता. चिंधा टाकीमागून बाहेर यायचं नाव घेत नव्हता.

"बसलायस काय," शालिग्राम वाल्मिकवर खेकसला. "ये, हे टोक धर."

वाल्मिकनं बाह्या वर केल्या आणि टोक धरलं. शालिग्रामनं कागद ओला केला आणि घासायला लागला. पांढरं पाणी वाल्मिकच्या शर्टावर उडत होतं.

"नीट धर. हलवू नको."

"मी नही हाली राह्यनू, पाव्हणा. तुमना हात हाली राह्यना."

"माहीत आहे," शालिग्राम म्हणाला आणि घासत राहिला.