डिझेलवालीचा बाप

फुल्बेर लांद्रोला लेकीचा राग नव्हता, राग होता तो तिच्या गाडीचा. एकोमुआ गावातल्या त्याच्या गॅरेजात कुणी विषय काढला, की तो हात झटकायचा. "रेसची गाडी कशी, गावात शिरली की खिडक्या थरथरल्या पाहिजेत. ही माझी पोरगी चालवते ती मुकी. आणि पितेय काय, तर डिझेल! ट्रक आहे तो, नुसता खाली दाबून चपटा केलेला."

माएल हे ऐकून ऐकून निर्ढावली होती. बाप-लेक दोघंही यंदा ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत, एकाच ट्रॅकवर होते. ती सगळ्यात वेगवान गटात, आणि फुल्बेर सगळ्यात हळू गटात, आपली हिरवी पेट्रोलगाडी घेऊन. त्या गाडीचा आवाज असा, की स्टँडमधली म्हातारी माणसं कानांवर हात ठेवायची आणि खूश व्हायची.

रविवारी सकाळी छान ऊन पडलं होतं. कुंपणापलीकडे सॉसेज भाजल्याचा धूर उठत होता. माएल तिसऱ्या नंबरावर होती आणि आर्नाजच्या वळणाआधी तिला पुढे ती हिरवी गाडी दिसली. तिने दिवे मारले, पुन्हा मारले. पण फुल्बेर स्वतःच्याच इंजिनाच्या गर्जनेत रमलेला. डिझेलची घरघर त्याच्यापर्यंत पोचणार कशी? त्याने बिनधास्त गाडी आत वळवली. चाकाला चाक लागलं. हिरवी गाडी गिरकी घेत वाळूत रुतली आणि माएल गाडीचं फुटलेलं नाक फरफटत पिटमध्ये, दुरुस्तीच्या जागी, आली.

मेकॅनिकांनी भराभर नवं नाक चढवलं. माएलची गाडी चालवायची पाळी संपतच आली होती; तिचा जोडीदार गाडी घेऊन गेला, पण तोवर मागची, चौथ्या नंबरावरची निळी गाडी पुढे निघून गेली होती. माएल हेल्मेट काढतेय तोच मागच्या दारातून फुल्बेर आला, केसांत वाळू घेऊन.

"पपा, तुझ्या गाडीला आरसे कशाला लावलेत? भांग पाडायला?"

"दिवसाउजेडी दिवे कोण बघतं? आवाज द्यायचा!"

"आवाज येत नाही म्हणून वर्षभर तूच तर गावभर सांगतोयस!"

पिटमधले सगळे हसले. फुल्बेरची गाडी शर्यतीतून बाद झाली होती, चाकाचा दांडाच मोडला होता. मग तो हळूच म्हणाला, "चूक माझीच, पोरी. बघायला हवं होतं." तो 'चूक' हा शब्द उच्चारतो, हेच माएलला नवीन होतं. तिने पावावर रियेत, म्हणजे मांसाचा मऊ लगदा, थापून तो त्याच्या हातात दिला. ती वळली तेव्हा तो खुर्ची ओढून बसला होता. गेलाच नाही.

शेवटची पाळी माएलची होती. निळी गाडी तिसरी, ही चौथी. निळीला तेल भरायला आणखी एकदा थांबावंच लागणार होतं. माएलनेही थांबावं असं टीमचा इंजिनिअर गोत्ये याचं मत होतं. "डिझेलची टाकी कोरडी पडली तर नळीत हवा शिरते," तो रेडिओवर म्हणाला. "मग ती ट्रॅकवर परत सुरू होत नाही. शेवटचा फेरा पुरा केला नाहीस तर निकालात नावसुद्धा नाही. चौथा नंबर वाईट नाही, माएल."

"तू असतास तर काय केलं असतंस?"

"मी घाबरट आहे, म्हणून इंजिनिअर झालो. तू सांग."

"मी थांबत नाही."

तेल वाचवायला तिने लांब सरळ रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय लवकर उचलायला सुरुवात केली. गाडी नुसती वाहत वळणापर्यंत जायची. आधीच शांत इंजिन, त्यात ते मंदावलं की माएलला चक्क कुंपणामागची माणसं ऐकू यायची. कुणी शिट्टी वाजवतंय, कुणी बाळाला हाका मारतंय. भीती होतीच, पण मजाही वाटत होती.

निळी गाडी तेलाला आत गेली आणि माएल तिसरी झाली. आता निळी भरल्या टाकीने मागे लागली. आणि नेमकी पुढे एक पिवळी, संथ गाडी आडवी. ब्रेक मारून पुन्हा वेग घ्यायचा तर तेल जाणार.

रेडिओत धडपड ऐकू आली. गोत्ये ओरडला, "अहो, माइक सोडा!" आणि मग बापाचा आवाज आला.

"पोरी, तो पिवळा आन्सेल्म आहे. तो माझ्यासारखाच, आरशात बघत नाही! उजवीकडे वळताना कायम लवकर आत घुसतो. तू बाहेरून जा, पाय उचलू नको!"

"नक्की ना, पपा?"

"वर्षानुवर्षं त्याच्याशी भांडतोय मी!"

माएल बाहेरून गेली. पिवळी गाडी ठरल्यासारखी आत घुसली आणि सगळा रस्ता मोकळा झाला.

शेवटच्या वळणातून बाहेर पडताना इंजिन एकदा ठसकलं, दोनदा ठसकलं आणि गप्प झालं. निळी गाडी आरशात मोठी होत होती. माएल स्टिअरिंगवर वाकून "चल गं, चल गं बाई" म्हणत राहिली. गाडी घरंगळत रेषेपलीकडे गेली आणि निळी तिच्या शेजारून सुसाट सुटली. पण निळीला उशीर झाला होता, जेमतेम एका गाडीच्या लांबीचा.

तिसरा नंबर. गोत्ये खाली बसून रडत होता आणि फुल्बेर त्याची पाठ थोपटत होता.

संध्याकाळी दोघं फुल्बेरच्या व्हॅनमधून घरी निघाले. माएलने डोळे मिटले. ती झोपली असं समजून फुल्बेर इतका हळू चालवत होता, की मागे भोंग्यांची रांग लागली. त्याने खिडकीतून हात बाहेर काढून सगळ्यांना पुढे जायची खूण केली. "जा रे बाबांनो, जा," तो पुटपुटला. माएलने हसू दाबलं, कूस बदलली, आणि मग तिला खरोखरच झोप लागली.