कच्चं शूटिंग

सम्राटने फ्रीजरचं दार उघडलं, बर्फाच्या ट्रेमागे हात घातला आणि दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली हार्ड डिस्क बाहेर काढली. डिस्क इतकी गार होती की बोटं बधिर झाली. टेबलावर नव्या कॉम्प्युटरची पेटी झाकण काढून ठेवली होती. तिच्यातून बाहेर आलेल्या दोन वायरी त्याने डिस्कला जोडल्या आणि बटण दाबण्याआधी क्षणभर डोळे मिटले.

“समऱ्या, समद्या दुधाला त्याचा वास लागलाय,” स्वयंपाकघरातून चांगुणाबाईंचा आवाज आला. “फ्रीज काय असल्या गोष्टी ठिवायला घेतलाय व्हय?”

“आई, दोन मिनिटं गप बस.”

“दोन मिन्टं, दोन मिन्टं म्हणत चार दिस झाले की.”

पेटी जुळवायला बसून चार दिवस खरंच झाले होते. पुण्याच्या बुधवार पेठेतून सम्राटने हे सामान आणलं होतं. चपातीएवढा मदरबोर्ड, बुटाच्या खोक्याएवढी पत्र्याची पेटी आणि दोन नव्याकोऱ्या डिस्क. जे एकीवर लिहिलं जाईल तेच त्याच वेळी दुसरीवरही लिहिलं जाणार, म्हणजे एक डिस्क गेली तरी दुसरी हजर. कॉम्प्युटर चालवायला मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या सीडीवरून त्याने लिनक्स टाकलं होतं आणि पेटीची एक वायर बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीला नेली होती. आता गिऱ्हाईक आलं की रिमोट दाबून त्याला त्याचं लग्न टीव्हीवर दाखवता येणार होतं. तळेगाव ढमढेऱ्यात असलं काही कुणाकडे नव्हतं, आणि याचा सम्राटला जरा गर्वच झाला होता. तो परवापर्यंत टिकला.

परवा जुन्या कॉम्प्युटरमधली डिस्क टक् टक् वाजायला लागली. नऊ वर्षं पंचक्रोशीतली लग्नं त्याने शूट केली होती, आणि टेप महाग म्हणून एका लग्नावर दुसरं लग्न चढवलं होतं. जे काही उरलं होतं, ते त्या एका डिस्कवर. नव्या पेटीत सगळं उतरवून घ्यायचं आणि मग जुनं मशीन भंगारात द्यायचं, असा त्याचा बेत होता. मशीनने तेवढी वाट पाहिली नाही. डिस्क गार केली तर घटकाभर चालते असं पुण्याच्या दुकानदाराने फोनवर सांगितलं, म्हणून दुधाशेजारी तिची सोय लागली होती.

एरवी त्याने हात टेकले असते. जुनी लग्नं परत कोण मागतं? पण शुक्रवारी निमोण्याहून करुणा आली होती.

करुणा म्हणजे तिथल्या म्हाळूआप्पांची थोरली मुलगी. तीन वर्षांपूर्वी, दोन हजार सहाच्या मे महिन्यात, दौंडच्या नवनाथशी तिचं लग्न झालं होतं. निमोण्याच्या विहारासमोर मांडव होता आणि कॅमेरा सम्राटचा. गेल्या वर्षी नवनाथने तिला माहेरी आणून सोडलं आणि दुसरी बायको केली. करुणाने शिरूरच्या कोर्टात पोटगीचा दावा लावला, तर त्याच्या वकिलाने उभं राहून सांगितलं, असं लग्न कधी झालंच नाही. ज्या बौद्धाचार्यांनी लग्न लावलं ते वारले होते. नोंदणी कुणी केली नव्हती. अल्बम आणि डीव्हीडी दौंडच्या घरात अडकले होते. पत्रिका छापली म्हणजे लग्न लागलं असं होत नाही, आणि साक्षीदार म्हणाल तर सगळे मुलीचे चुलते-मामे. मंगळवारी तारीख होती. आज रविवार.

डीव्हीडी मिळाली असती तरी फार उपयोग नव्हता, हे एकट्या सम्राटला ठाऊक होतं. त्रिशरण, पंचशील, वधूवरांच्या प्रतिज्ञा हे सगळं कापायचं आणि त्या जागी गाणं टाकायचं, ही त्याच्या धंद्याची रीत. लोकांना जेवणाच्या पंगती आणि आपापले चेहरे बघायचे असतात. प्रतिज्ञा असतील तर त्या न कापलेल्या कच्च्या शूटिंगमध्येच असतील, आणि ते या बर्फातून काढलेल्या डिस्कवर होतं.

त्याने बटण दाबलं. डिस्क फिरली, एकदा अडखळली आणि स्क्रीनवर फोल्डरांची रांग उमटली. ‘निमोणे करुणा कच्चं’ हे नाव दिसताच त्याने कॉपी सुरू केली. बाकीचं कुणाचं काय राहील ते राहो. बावीस मिनिटं, असं स्क्रीनने सांगितलं. मग एकतीस सांगितलं, मग सतरा.

नऊ मिनिटं उरली असताना लाइट गेली. लोडशेडिंगला अजून पाऊण तास होता, पण तक्रार कुणाकडे करणार? यूपीएस कुईं कुईं करायला लागला. नवी पेटी वीज थोडीच खाते, हे त्याला माहीत होतं. वीज खातो तो मॉनिटर. त्याने मॉनिटर बंद केला. आता काळ्या काचेसमोर बसून आवाज ऐकण्याशिवाय त्याच्या हातात काही नव्हतं. डिस्क घरघरत होती. मधेच टक् व्हायचं आणि तो कान आणखी जवळ न्यायचा.

तेवढ्यात मोबाइल वाजला. बापूसाहेब.

बापूसाहेब म्हणजे बाजार समितीचे संचालक. त्यांच्या शब्दावर गावातली निम्मी कामं व्हायची, आणि सम्राटची तर निम्म्याहून जास्त. पुढच्या रविवारी त्यांच्या तेजश्रीचं लग्न होतं. ही पेटी मुळात त्या लग्नासाठीच बांधायला घेतली होती.

“सम्राट, तीन कॅमेरं लागतील बरं का,” बापूसाहेब म्हणाले. “एक निस्ता स्टेजवर.”

“व्हय साहेब. तयारी चाललीय.”

“झ्याक. आन् एक. म्हाळूची पोरगी आली व्हती म्हणं तुझ्याकडं?”

सम्राटने डिस्ककडे पाहिलं. “आली होती.”

“गरीब हाय बिचारी. पण मला साक्षीला चला म्हणत्यात. आता मी दिवसाला धा लग्नं करतो, कुठलं ध्यानात ऱ्हाणार? त्या लग्नाला मी नव्हतोच, म्हणून सांगितलं. दौंडची मंडळी आपलीच हायेत, उगं कशाला वाकडं घ्या. तुझ्याकडं तरी इतकं जुनं कुठं ऱ्हात असंल, न्हाई का?”

“डिस्क खराब झालीय साहेब.”

“मग झालं तर,” बापूसाहेब मोकळेपणाने म्हणाले. “हळदीपास्नं ये.”

फोन ठेवला तेव्हा खोलीत यूपीएसचा आवाज तेवढा होता. डिस्कची घरघर थांबली होती. काम होऊन थांबली की मरून थांबली, हे बघायला मॉनिटर लावावा तर तेवढी बॅटरी उरली नव्हती. यूपीएस संपायच्या आत त्याने पेटी बंद केली आणि लाइटची वाट बघत बसला. चांगुणाबाईंनी ताट वाढलं. चार घासांपलीकडे त्याला जेवण गेलं नाही. डिस्कवर काही न सापडण्याची भीती तर होतीच, पण आता दुसरी एक भीती तिच्याशेजारी येऊन बसली होती, आणि ती काय आहे हे त्याला नीट सांगता आलं नसतं.

चारला लाइट आली. जुनी डिस्क पुन्हा फिरली नाही. नवी पेटी मात्र सुरू झाली, आणि टीव्हीवर एकच नाव दिसलं, करुणाच्या लग्नाचं. सम्राटने रिमोट दाबला.

मांडव. पांढरी साडी नेसलेली करुणा, शेजारी पांढऱ्या कपड्यांतला नवनाथ, मागे बुद्धांची मूर्ती. बौद्धाचार्य माईकवर त्रिशरण म्हणत होते. पंचशील झालं. आता प्रतिज्ञा, असं ते म्हणाले, आणि सम्राट पुढे सरकून बसला.

कॅमेरा हलला. मांडवाच्या तोंडाशी पांढरी गाडी येऊन उभी राहिली होती. गर्दीतून म्हाळूआप्पा दोन्ही हात हलवत कॅमेऱ्याला खुणावत होते, इकडं, इकडं. मग चित्रात बापूसाहेब आले. त्यांना हार घातला, शाल दिली, नारळ दिला, पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसवलं. साडेतीन मिनिटं कॅमेरा त्यांच्यावरून हलला नाही. माईकवर नवनाथचा आवाज येत होता, ‘मी नवनाथ, माझी पत्नी करुणा हिचा सन्मान करीन,’ आणि चित्रात बापूसाहेब हात जोडून हसत होते.

नेता आला की कॅमेरा त्याच्याकडे. हे सम्राटला कुणी शिकवलं नव्हतं आणि प्रत्येकाने शिकवलं होतं. न वळवला तर मुलीचा बापच पैसे देताना कुरकुरायचा, की साहेब आल्याचं दिसलंच नाही. आज पहिल्यांदा त्याला स्वतःच्या हाताची लाज वाटली.

मग त्याच्या ध्यानात आलं. प्रतिज्ञा चालू असताना पडद्यावर चेहरा नवरा-नवरीचा नव्हता. चेहरा ‘त्या लग्नाला मी नव्हतोच’ म्हणणाऱ्या माणसाचा होता.

डिस्क गेली, असं करुणाला सांगितलं तर ते खोटंही नव्हतं. साहेबांना तेच सांगून झालं होतं. नव्या पेटीतलं हे एक नाव पुसायचं, बस. एकीवर पुसलं की दुसरीवरही त्याच क्षणी पुसलं जाणार होतं. चार दिवस खपून त्याने तशीच तर पेटी बांधली होती. त्याने रिमोट खाली ठेवला. टीव्ही बंद केला. पुन्हा चालू केला आणि पुन्हा बंद केला.

पाचच्या जीपने करुणा आली. चपला दाराबाहेर काढून ती भिंतीला टेकून बसली. पदराने कपाळ पुसून तिने आधी टेबलावरची उघडी पेटी पाहिली आणि मग सम्राटचा चेहरा.

“घावलं का दादा?”

“ताई, जुनी डिस्क गेली,” सम्राट म्हणाला.

करुणाने मान हलवली. ती रडली नाही. चांगुणाबाईंनी आणलेल्या चहाची बशी तिने तशीच हातात धरून ठेवली.

“तुमी तरी काय करणार,” ती म्हणाली. “परत्येक तारखेला तो वकील म्हणतो, लगीन झालंच न्हाई. लोकं बघत्यात माझ्याकडं. आता मलाच कवाकवा वाटतंय, खरंच झालं नव्हतं का काय. मीच मनानं रचलं असंल.”

सम्राटला ते ऐकवेना. साहेबांचा राग परवडला, पण हे परवडणारं नव्हतं.

“डिस्क गेली,” तो घाईघाईने म्हणाला. “पण त्याच्या आधी उतरवून घेतलंय मी.”

त्याने रिमोट दाबला. त्रिशरण, पंचशील. करुणाने बशी खाली ठेवली. कॅमेरा मांडवाच्या तोंडाशी वळला तशी ती गोंधळली.

“मी कुठं हाय?”

“तू तिथंच होतीस. मी कॅमेरा वळवला,” सम्राट म्हणाला. ताई म्हणायचंही त्याच्या ध्यानात राहिलं नाही. “साहेब आले म्हणून.”

“आप्पा बघा कसं हात हलवत्यात,” चांगुणाबाई दारातून म्हणाल्या.

नवनाथचा आवाज आला, घोगरा, घाईचा. त्याच्यामागून करुणाचा. चेहरा नव्हता, म्हणून तिने डोळे मिटून घेतले आणि नुसतं ऐकलं. ‘मी करुणा, माझे पती नवनाथ यांचा सन्मान करीन.’ माईक लांब असूनही प्रत्येक शब्द खणखणीत होता.

“किती मोठ्यानं म्हणलेय मी,” डोळे न उघडता ती म्हणाली.

मग तिने डोळे उघडले. पडद्यावर बापूसाहेब शाल सावरत होते. तिने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं.

“आप्पा दोनदा गेलं व्हतं ह्यांच्या दारात,” ती हळू म्हणाली. “ह्ये म्हणलं, मी नव्हतोच.”

सम्राटने टीव्हीचा आवाज कमी केला.

“वकील म्हणलेत, निस्ती सीडी चालत न्हाई. ज्यानं शूटिंग केलं, त्यानं उभं राहून सांगावं लागतंय, की ह्ये मीच काढलंय म्हणून. तुमास्नी त्रास व्हईल, मला कळतंय. न्हाई म्हणला तरी मी काय मनात धरणार न्हाई.”

बापूसाहेब हात जोडून थेट कॅमेऱ्यात बघत होते, म्हणजे थेट सम्राटकडेच. पुढचा रविवार, तीन कॅमेरे, आणि त्यानंतर त्यांच्या शब्दावर उघडणारी किती दारं, हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं. टेबलाच्या खणातून त्याने कोर्टासाठी एक कोरी सीडी काढली, आणि थोडं थांबून आणखी एक, करुणाला जवळ ठेवायला. मग तो पेटीपुढे बसला.

“कोर्टात पुकारा कितीला होतो?” त्याने विचारलं.