एकाच कुशीवर

शनिवारची दुपार होती. लेखिका आईच्या अंगाखालची ओली चादर काढत होती आणि दादा खुर्चीत पाय लांब करून टीव्ही बघत होता. दर शनिवारी तो यायचा, आईच्या कपाळावर हात ठेवायचा, "बरी दिसतेस हं!" म्हणायचा आणि अर्ध्या तासात निघायचा. आज एका मालिकेचा जुना भाग पुन्हा लागला होता. अंथरुणाला खिळलेली सासू, उशाशी ताजी फुलं, आणि सून चमच्याने सूप भरवते आहे. सुनेच्या केसांची एक बट इकडची तिकडे नाही. चेहऱ्यावर गोड हसू.

"दादा, जरा आईचा खांदा धरतोस?"

"थांब गं, जाहिराती लागू देत."

"चादर काय जाहिरातींची वाट बघणार आहे?" ती खेकसली.

दादाला ते लागलं. "बघ, त्या सुनेकडे बघ. पाच महिने सासूचं करतेय, पण कपाळाला एक आठी नाही. आणि तू! पोटची लेक असून सदानकदा फणफणलेली. अगं, ही मालिका तूच लिहितेस ना? मग तुझंच लिहिलेलं थोडं घरातही वाग की!"

लेखिकेच्या हातातली चादर हातातच राहिली. दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं, तर तिने चांगले चार शब्द सुनावले असते. पण ते हसू तिनेच लिहिलं होतं. शंभर भाग झाले, रोज लिहीत होती.

दादा गेल्यावर आईने हाक मारली. अर्धांगवायूने तिची डावी बाजू गेली होती, पण जिभेची धार जशीच्या तशी होती. जेव्हा टीव्ही काळापांढरा होता आणि सगळ्या गल्लीत मिळून एखादाच होता, त्या काळात आईने टीव्हीवरच्या नाटकांत कामं केली होती. दोन कॅमेरे आणि थेट प्रक्षेपण. चुकलं तर सगळ्यांसमोर चुकायचं! तेव्हाच्या तालमींच्या गोष्टी ती अजून रंगवून सांगायची.

"तुझ्या मालिकेतली ती म्हातारी," आई म्हणाली, "पाच महिन्यांत एकदाही कुशीवर वळली नाही."

"कॅमेरा एकाच बाजूला असतो, आई. पलंग भिंतीला लावलाय."

"मग पाठ सडली असेल गं बिचारीची!"

दोघी हसल्या. पण आई लगेच थांबली.

"आमच्या वेळी आजारी माणूस म्हणजे डोक्याला पट्टी आणि तीन खोकले. नवऱ्याने हात उचलला की दिवे मालवायचे. त्याहून जास्त दाखवायची छाती नव्हती कोणाची. तुम्ही पुढे गेलात. रक्त दाखवता, पिस्तुलं दाखवता, सगळं अगदी खरं खरं! अंथरुणातलं म्हातारं माणूस मात्र अजून फुलांतच ठेवलंय."

"लोकांना संध्याकाळी असलं बघवत नाही, आई."

"बघवत नाही? मग करणारीला करवतं कसं?"

लेखिका आईच्या पाठीला पावडर लावू लागली.

"आम्हीही खोटंच दाखवलं," आई हळू आवाजात म्हणाली. "पण आम्हाला सांगणारं कोणी नव्हतं. तुला तर रोज माझी पाठ सांगते! आज तू लिहिलेल्या त्या हसण्यावरून तुझा भाऊ तुला बोलून गेला. अशा किती जणी किती घरांत बोलणी खात असतील, त्याचा विचार कर."

लेखिकेने त्याच दिवशी नवा प्रसंग लिहायला घेतला. सून चादर बदलते आहे. कंबर भरून आली आहे. ती सासूवर ओरडते, मग स्वतःवरच चिडून रडते. आणि नवऱ्याला हाक मारते, "नुसते बघता काय? त्या बाजूने धरा!"

दिग्दर्शकाने पानं वाचली आणि कपाळाला हात लावला. "अहो बाई, पलंग मधे ओढायचा म्हणजे सगळे दिवे पुन्हा लावायचे. आणि सून ओरडते? लोकांच्या मनातून उतरेल ती! हा एक भाग दुसऱ्या कोणाकडून लिहून घेऊ."

"मग पुढचेही त्यांच्याकडूनच घ्या," लेखिका म्हणाली. हातची मालिका जाणार हे तिला दिसत होतं. घर त्याच मालिकेवर चाललं होतं. तरी तिने शब्द मागे घेतला नाही.

दिग्दर्शक हसला. "एवढं काय असतं त्यात? दाखवा करून."

ती सेटवर गेली. म्हाताऱ्या नटीच्या एका खांद्याखाली हात, एक हात कमरेखाली, गुडघा आधी वाकवायचा, मग अलगद आपल्याकडे वळवायचं. रोजची सवय! मुलाचं काम करणाऱ्या नटाने करून पाहिलं, तर नटी ओरडली, "अरे बाबा, मी पोतं नाही!" सगळा सेट हसला. मग दिग्दर्शक स्वतः पुढे झाला. पहिल्यांदा त्याला जमलं नाही, दुसऱ्यांदा जेमतेम जमलं. कंबर धरून तो उभा राहिला. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"रोज किती वेळा करता हे?"

"दर दोन तासांनी."

तो वळला आणि मोठ्याने म्हणाला, "पलंग भिंतीपासून ओढा रे!"

पुढे एका शनिवारी तो भाग संध्याकाळी सातला लागला. आई दोन उशांना टेकून बसली होती. भाग संपला. मग तिने चालता हात उचलला आणि गादीवर थाप मारली. मग दुसरी, मग तिसरी. ती टाळी होती! जुन्या नटीने नव्या लेखिकेला दिलेली टाळी.

"आज तू नाटक लिहिलंस," आई म्हणाली. "माझ्या लेकीने लिहिलंय, असं मी आता कोणालाही सांगेन." तिची मान ताठ होती.

जेवताना असलं काय दाखवता, म्हणून काहींनी वाहिनीला रागाने कळवलं. पण त्याहून कितीतरी जास्त जणींनी एकच कळवलं होतं: आज आमच्या घरात सगळे गप्प बसून बघत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार, दादाचा यायचा दिवस नव्हे. तरी तो आला. दारातच चुळबुळत उभा राहिला.

"काल टीव्हीवर तो मुलगा... हात कुठे घालायचा हे त्याला ठाऊकच नव्हतं गं."

"हो."

"मलाही नाही. शिकव मला."

"हळू रे सोन्या," तो खांदा धरून वळवू लागताच आई म्हणाली, "लहानपणी तुला मी कधी आपटलं नव्हतं!"

मित्रहो, पडद्यावरचं घर खोटं असतं, असं आपण सगळेच म्हणतो आणि त्याच मापाने आपल्या घरातल्या बायकांना मोजतो. काळ बदलला, पडदा रंगीत झाला, मोठा झाला. आता त्याने खरंही बोलावं आणि आपण ते पाहावं. आजाऱ्याची सेवा करणारी हसत नाही म्हणून तिच्यावर रुसण्याआधी उठा, आणि पलंगाची दुसरी बाजू धरा!